चाकाच्या पोटात

वर्तमानपत्र पसरून त्यावर सायकलचं मागचं चाक आडवं टाकलंय. टायर, रिम, स्पोक सगळं जिथल्या तिथे, फक्त मधल्या फुगीर हबचं झाकण उघडलेलं. आत ग्रीसमध्ये माखलेली नायलॉनची तीन दातेरी चाकं एका छोट्या लोखंडी दातेरी चाकाभोवती दाटीवाटीनं बसली आहेत. ती उचलली की खाली तांब्याच्या तारेची घट्ट वेटोळी आणि त्यांच्याभोवती चुंबकांचं कडं. बस्स, एवढंच. जेमतेम तीन किलोचा हा ऐवज सत्तर किलोच्या माणसाला पौड फाट्याच्या उड्डाणपुलावर चढवतो, आणि चढवताना बारीकशा गुणगुणीपलीकडे आवाजही करत नाही.

ही मोटर समजून घ्यायची तर मान वर करून छताकडे बघावं. पंख्याचा दांडा फिरत नाही. तो छताला टांगलेला, स्थिर. वीज त्या दांड्यातून आत जाते आणि फिरतं ते बाहेरचं भांडं, पात्यांसकट. इलेक्ट्रिक सायकलचं चाक म्हणजे आडव्या दांड्यावर उभा केलेला, पात्यांऐवजी स्पोक लावलेला पंखाच. आस फ्रेमला घट्ट आवळलेला असतो, तो आतून पोकळ असतो आणि वायर त्या पोकळीतून आत शिरते. चाक दिवसभर फिरलं तरी वायरला पीळ पडत नाही तो यामुळेच.

त्या वायरीच्या टोकाचा गोल कनेक्टर सोडवला की आत आठ तारा निघतात. तीन जाड, पाच बारीक. जाड तारांतून मोटरीला लागणारी वीज जाते. बारीक तारांमधून एक सतत चालू असलेली बातमी बाहेर येते: चुंबकं आत्ता, या क्षणी, कुठे आहेत?

ही बातमी का लागते? कारण या मोटरीत कार्बनचे ब्रश नसतात. जुन्या मोटरींमध्ये ब्रश घासत घासत स्वतःच ठरवायचे की आता कुठल्या वेटोळ्याला वीज द्यायची. इथे ते काम कंट्रोलर नावाच्या बंद डबीकडे आहे, आणि डबी सीटखाली किंवा फ्रेममध्ये बसलेली, मोटरीपासून हातभर दूर. तिला आतलं दिसत नाही. मग वेटोळ्यांच्या मध्ये नखाच्या कोपऱ्यावर मावतील असे तीन सेन्सर बसवतात. समोरून चुंबकाचं एक टोक गेलं की सेन्सर ‘एक’ म्हणतो, दुसरं टोक गेलं की ‘शून्य’. तिघांची मिळून आठ उत्तरं होऊ शकतात. पण ज्या अंतरानं ते बसवलेले असतात, त्यामुळे तिघंही एकाच वेळी ‘एक’ किंवा तिघंही ‘शून्य’ असं कधीच होत नाही. उरतात सहा उत्तरं, आणि एका आवर्तनातल्या सहा पायऱ्या ओळखायला ती पुरतात. प्रत्येक पायरीवर कंट्रोलर तीन जाड तारांपैकी दोघींना वीज देतो, तिसरीला मोकळी सोडतो, आणि चुंबकं पुढे ओढली जातात. तिन्ही साक्षीदारांचं एकमत झालं की समजायचं, कुणीतरी खोटं बोलतंय.

चाक उघडून बसलेला मेकॅनिक हे पाठ म्हणून दाखवत नाही. तो मल्टिमीटरची काळी पिन एका तारेला, लाल पिन दुसरीला लावतो आणि चाक हातानं हळूहळू उलटं फिरवतो. पाच व्होल्ट, शून्य, पाच, शून्य. पुढची तार: पाच, शून्य. तिसरी: पाच, पाच, पाच, पाच. “हा मेला,” तो म्हणतो. चाक उलटंच का? कारण पुढच्या दिशेनं फिरवलं तर आतला एकदिशा क्लच सुटतो, चाक एकटंच फिरतं आणि मोटर झोपलेली राहते. बॅटरी संपली तरी ही सायकल साध्या सायकलसारखी मारता येते ती या क्लचमुळे. मोटर ओझं म्हणून सोबत येते, पण पाय ओढत नाही.

त्या सेन्सरची किंमत काही रुपये. त्यामागचा शोध १८७९ चा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाचा संशोधक विद्यार्थी सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडत होता. वर्ख चुंबकापुढे धरला की प्रवाहाला आडव्या दिशेनं, वर्खाच्या दोन कडांमध्ये, अगदी सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो असं त्याला दिसलं. इलेक्ट्रॉन सापडायला तेव्हा आणखी अठरा वर्षं होती. म्हणजे वाहतंय काय हेच माहीत नसताना ते बाजूला सरकतंय हे त्यानं पकडलं. मला या गोष्टीचं जितकं नवल वाटतं तितकंच याचं, की तोच परिणाम आज पुण्यातल्या एका गल्लीत रोज सकाळी दहा वाजता, चहाचा ग्लास बाजूला ठेवून, चाकं उलटी फिरवून तपासला जातो.

आणि वेग बघा. २६ इंची चाक ताशी २५ किलोमीटरनं धावतं तेव्हा मिनिटाला साधारण २०० फेरे घेतं. आतली मोटर त्या तीन नायलॉनच्या चाकांच्या मध्यस्थीमुळे पाचपट वेगानं, म्हणजे मिनिटाला हजारभर फिरते. कड्यात सोळा चुंबकं धरली तर कंट्रोलरला सेकंदाला सुमारे ८०० वेळा ‘आता कोण?’ हे ठरवावं लागतं. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत तुम्ही एकदा घंटी वाजवेपर्यंत त्याचे शेकडो निर्णय होऊन गेलेले असतात.

हे चाक उघडलंय ते दुकान लहान आहे. समोर विकायच्या तीन-चार सायकली, छताला हुकांवर टांगलेल्या रिमा आणि टायर, मागे दुरुस्तीचा स्टँड, त्याच्यामागे लोखंडी मांडणीवर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या आणि मांडणीच्या पायाशी वाळूची बादली. एका भिंतीवर पाने, चेन तोडायचं हत्यार, स्पोक आवळायची चावी. दुसऱ्या भिंतीवर सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, कनेक्टरांच्या डब्या. तिथे उभं राहिलं की एकाच माणसाचे दोन धंदे दिसतात. पुण्यात एके काळी अशा दुकानांतून तासावर सायकली भाड्यानं मिळायच्या, शाळा-कॉलेजच्या आवारात सायकलींची रांग संपायची नाही. आता कर्वेनगरला सायकलींचं संग्रहालय आहे, आणि ज्या शहरात एखादी वस्तू संग्रहालयात जाते त्या शहरात तिचं काय झालं हे वेगळं सांगायला नको. पण पंक्चर काढणं, चाकाचा आउट काढणं, छर्रे बदलणं हे हातात मुरलेले लोक अजून आहेत. त्यांतल्या काहींनी वीज शिकून घेतली.

आउट काढण्याचंच, म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ करण्याचंच घ्या. साध्या सायकलला मधला हब हलका, फ्लँज लहान, स्पोक लांब. इथे तीन किलोची मोटर मधे बसलेली, तिचा घेर मोठा, त्यामुळे स्पोक आखूड आणि रिमला तिरके जाऊन भिडतात. मागच्या चाकावर माणसाचं वजन, मोटरीचं वजन आणि वर मोटरीची ओढ. खड्ड्यात आपटलं की स्पोक मुळाशी तुटतो. म्हणून इथे जाड गेजचे स्पोक लावतात आणि प्रत्येकाचा ताण बोटांनी छेडून, आवाज ऐकून जुळवतात. विजेची सायकल म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी शेवटी अशा निव्वळ सायकलच्या असतात.

गिऱ्हाइकाला ते कसं कळणार? त्याच्या तक्रारी चारच. गाडी ओढत नाही. झटके देते. मधेच बंद पडते. चार्ज घेत नाही. (सायकलला सगळे ‘गाडी’च म्हणतात. बॅटरी लागली की बढती मिळते.)

एक निवृत्त गृहस्थ पावसाळ्यात सायकल ढकलत घेऊन आले होते. “अहो, मोटर जळली वाटतं. काहीच हालचाल नाही.”

दुकानदारानं हँडलजवळचे दोन कनेक्टर सुटे केले, मागचं चाक उचलून धरलं आणि पेडल फिरवलं. मोटर लगेच सुरू झाली.

“काका, मोटर ठणठणीत आहे. गाडीला वाटत होतं तुम्ही ब्रेक दाबून बसलाय.”

ब्रेकच्या दांडीत एक छोटी कळ असते. ब्रेक दाबला की ती कंट्रोलरला कळवते आणि मोटर तत्क्षणी थांबते, नाहीतर ब्रेक आणि मोटर एकमेकांशी भांडत बसतील. पावसाचं पाणी त्या कळीत शिरलं, ती अडकली, की सायकल कायमची ब्रेक लावलेल्या अवस्थेत आहे असं कंट्रोलर धरून चालतो. म्हणून ‘ओढत नाही’ म्हटलं की सगळ्यात आधी ब्रेकच्या वायरी काढून बघायच्या. नंतर पेडलचा सेन्सर. मग चाकातले तीन साक्षीदार. मोटर उघडायची पाळी शेवटी.

पाण्याची आणखी एक खोड आहे. ते वायरीवरून ओघळत जातं आणि वायर जिथे शिरते तिथे तेही शिरतं. आसातली पोकळी म्हणजे त्याला मिळालेला राजमार्ग. उपाय फुकटचा आहे: वायर आसात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा. पाणी झोळाच्या तळाशी येतं, थेंब होऊन खाली पडतं, पुन्हा वर चढून मोटरीत जात नाही. नव्या सायकलींमध्येही कित्येकदा हा झोळ नसतो, कारण वायर ताणून बांधली की दिसायला नीटनेटकी दिसते.

आता पायाकडे येऊ. सायकलला कसं कळतं की तुम्हाला पुढे जायचंय? सोप्या सायकलीत पेडलच्या दांड्याजवळ एक प्लॅस्टिकची चकती असते, तिच्यात चुंबकांचे बारीक मणी, बहुधा बारा. शेजारी पुन्हा हॉलचा सेन्सर. चकती फिरली की टिकटिक सुरू होते आणि कंट्रोलर मोटर चालू करतो. मागे फिरवलं तर टिकटिकीचा ताल वेगळा येतो, म्हणून उलट्या पेडलवर मोटर चालत नाही. पण ही चकती फक्त ‘फिरतंय’ एवढंच सांगते. किती जोरानं, हे तिला कळत नाही. त्यामुळे काही मंडळी पाय नुसते हवेत फिरवल्यासारखे फिरवतात आणि बाकीचं मोटर बघते. व्यायामासाठी सायकल घेतली असं घरी सांगणाऱ्यांनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल.

यामाहा कंपनीनं १९९३ मध्ये जपानात जी सायकल आणली तिची कल्पना वेगळी होती. मोटरीनं पायाच्या जोराच्या प्रमाणात मदत करायची. तुम्ही जोर दुप्पट केला तर मदतही दुप्पट, तुम्ही सैल पडलात तर तीही सैल. त्या वेळच्या जपानी नियमानुसार मोटरीची मदत माणसाच्या जोरापेक्षा जास्त असायची नाही. जितकं तुझं, तितकं माझं. हे करायचं तर पायाचा जोर मोजायला हवा, आणि तो मोजतात पोलाद किती वाकलं यावरून. तुम्ही पेडलवर उभे राहता तेव्हा पोलादी दांडा वाकतो, पीळ खातो, पण डोळ्यांना कधीही दिसणार नाही इतका थोडा. त्यावर चिकटवलेली बारीक तारेची जाळी त्याच्याबरोबर ताणली जाते, आणि ताणलेल्या तारेचा विद्युतरोध किंचित वाढतो. तार ताणली की रोध बदलतो हे लॉर्ड केल्विननं १८५६ मध्ये दाखवलं होतं. त्यातून मोजायचं उपकरण बनायला १९३८ उजाडलं, आणि ते अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी वेगवेगळं शोधलं. आज तीच जाळी तुमच्या गुडघ्यात आज किती बळ आहे हे सेकंदाला अनेकदा कळवत राहते. अशा सायकलवर पहिल्यांदा बसलेल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. मोटर चालू झाल्याचं त्याला जाणवत नाही, आपणच अचानक विशीत गेलो असं वाटतं.

या सगळ्यात नवं काय, असं विचाराल तर उत्तर थोडं चमत्कारिक आहे. ३१ डिसेंबर १८९५ रोजी ओहायो राज्यातल्या कँटन गावच्या ऑग्डेन बोल्टन ज्युनियर यांना अमेरिकेत एक पेटंट मिळालं. चित्रात सायकल आहे. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये. बॅटरी फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात. आज दुकानात समोर उभ्या असलेल्या सायकलींशी ते चित्र ताडून पाहिलं तर मांडणी तीच. सव्वाशे वर्षांपूर्वी आराखडा बरोबर होता, फक्त तो चालवायला लागणारा माल जगात तयार झालेला नव्हता. बोल्टनची बॅटरी १० व्होल्टची आणि तिच्यातून १०० अँपिअरपर्यंत प्रवाह घ्यायचा बेत होता, तोही घासणाऱ्या ब्रशांमधून. तेवढा प्रवाह वाहून न्यायला तारा किती जाड लागतील आणि ती बॅटरी किती वेळ टिकेल, याचा विचार केला की त्या माणसाच्या धाडसाचं कौतुकच वाटतं.

अडलं होतं तीन गोष्टींवर. छोटं पण दांडगं चुंबक: निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानात मासातो सागावा आणि त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी बनवलं. सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करूनही न झिजणारं विजेचं बटण: ते सिलिकॉननं दिलं, कंट्रोलरमध्ये अशी सहा असतात. आणि हलकी बॅटरी.

बॅटरीवर जरा थांबायला हवं. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, सोनीनं आणली, व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. तिच्यामागे ज्यांचं मूळ संशोधन होतं त्या स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, इतक्या वयात नोबेल मिळालेलं दुसरं कुणी नाही. आत काय चालतं? एका बाजूला ग्रॅफाइटचे थर, दुसऱ्या बाजूला धातूच्या ऑक्साइडचे थर. चार्ज करताना लिथियमचे आयन एका घरातून निघून दुसऱ्या घराच्या थरांमध्ये जाऊन बसतात. सायकल चालवताना परत येतात. घरं मोडत नाहीत, फक्त वस्ती बदलते, म्हणून हा खेळ शेकडो वेळा खेळता येतो.

दुकानातल्या बॅटरीचं कवच उघडलं तर आत पेन्सिल सेलहून थोडे जाड सेल दिसतात: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. नेहमीच्या बॅटरीत ४० सेल, चार-चारचे दहा गट. एका गटाचे साधारण ३.६ व्होल्ट, दहांचे मिळून ३६. पूर्ण भरली की ४२. सगळ्या सेलांचं वजन दोन किलोच्या आत, आणि साठवण ३६० वॉट-तास. आपल्या विजेच्या बिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. म्हणजे ही बॅटरी संपूर्ण रिकामी असताना भरायला, चार्जरची गळती धरूनही, अर्ध्या युनिटाच्या आत वीज लागते. तेवढ्यावर पायाची साथ असेल तर तीसेक किलोमीटर सहज होतात.

अन्नाच्या भाषेत सांगायचं तर एका वडापावमध्ये ढोबळमानानं ३०० किलोकॅलरी असतात. त्याचे वॉट-तास केले तर सुमारे ३५० येतात. म्हणजे हातात मावणारा वडापाव आणि ही पूर्ण भरलेली बॅटरी बरोबरीला आहेत! फरक पुढे पडतो. आपलं शरीर त्या ऊर्जेचा चौथा हिस्सा जेमतेम पेडलपर्यंत पोचवतं, बाकीची घाम आणि उष्णता होऊन जाते. मोटर सपाट रस्त्यावर तीन-चतुर्थांशाच्या पुढे पोचवते.

पुणेकर सायकलवाल्यांची परीक्षा सिंहगडावर होते, म्हणून तोही हिशेब करून बघावा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, गड १३०० च्या पुढे, चढ साधारण ७५० मीटरचा. माणूस, सायकल, पाण्याची बाटली मिळून १०० किलो धरले तर हे वजन तेवढं उचलायला लागतात २०४ वॉट-तास. बॅटरीत आहेत ३६०. कागदावर गड सर झाला.

घाटात मात्र चाकातली मोटर घामाघूम होते. तीव्र चढावर सायकलचा वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो, मोटर सावकाश फिरते पण प्रवाह पूर्ण ओढते. मोटर ज्या वेगासाठी बनवली त्याच्या निम्म्याहून कमी वेगानं फिरली की विजेचा मोठा भाग तांब्याच्या वेटोळ्यांत उष्णता होतो, आणि ती बाहेर पडायला वाट नसते, कारण हब बंद डबा आहे. तांब्यावरचा वार्निश करपतो, नायलॉनचे दाते मऊ पडतात. दुकानात अशी मोटर आली की उघडण्याआधी वासानंच कळते. पेडलच्या दांड्याजवळ मोटर असलेल्या सायकली इथे बाजी मारतात, कारण त्यांची ओढ चेन आणि गिअरमधून जाते. चढावर गिअर खाली टाकला की चाक सावकाश फिरतं आणि मोटर आपल्या आवडत्या वेगात राहते. बदल्यात चेन आणि दातेरी चकत्या लवकर झिजतात. दुकानदाराचं मत: शहरात हबची मोटर, डोंगरावर मधली. हबची घेतलीच असेल तर घाटात पाय गाळायचे नाहीत, आणि हब हाताला पोळायला लागला की एखाद्या टपरीवर उतरायचं.

त्याचं दुसरं निरीक्षण बॅटरीबद्दल. त्याच्याकडे येणाऱ्या मेलेल्या बॅटऱ्यांपैकी बऱ्याच चालवून मेलेल्या नसतात, पडून मेलेल्या असतात. जूनमध्ये पाऊस लागला, सायकल जिन्याखाली गेली, बॅटरी जवळजवळ रिकामी होती, दिवाळीत आठवण झाली. दरम्यान बॅटरीतलं राखण करणारं सर्किट, ज्याला सगळे बीएमएस म्हणतात, थेंबथेंब वीज पीत राहिलं. सेलचा दाब ठरावीक पातळीखाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं. तसा सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं, म्हणून बीएमएस चार्ज घेऊच देत नाही. आणि दहा गटांपैकी एकच गट खाली गेला तरी ते सगळी बॅटरी बंद करतं, उरलेले नऊ सुस्थितीत असले तरी. गिऱ्हाईक म्हणतं, चार्जर बिघडला. न वापरता ठेवायची असेल तर निम्म्याच्या आसपास भरून, गार जागी ठेवावी आणि अधूनमधून बघावी, एवढाच नियम.

न्यूटनचा तिसरा नियम या दुकानात एका पोलादी पट्टीच्या रूपात भेटतो. मोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा तेवढ्याच जोरानं आसाला मागे फिरवू पाहते. साध्या सायकलच्या आसावर असा पीळ कधी येत नव्हता, त्याला फक्त जागेवर बसून राहायचं होतं. इथे आसाच्या दोन बाजू तासून चपट्या केलेल्या असतात, त्या फ्रेमच्या खाचेत अडकतात. नट सैल राहिला तर आस खाच रुंद करत करत एके दिवशी गर्रकन फिरतो आणि पोकळीतून गेलेल्या त्या आठ तारा पिळून तोडतो. म्हणून जुन्या सायकलला मोटरचं किट बसवताना आसापासून फ्रेमच्या दांड्यापर्यंत एक आडकाठी पट्टी लावतात. किटच्या खोक्यात कधी ती असते, कधी नसते. नसली तर दुकानदार स्वतः कापून, भोक पाडून बनवतो, आणि अॅल्युमिनियमच्या नाजूक फोर्कमध्ये पुढच्या चाकाची मोटर बसवायला चक्क नकार देतो.

नकार तो आणखी एका गोष्टीला देतो. “दादा, लिमिट काढून द्या ना,” असं म्हणणारी मुलं आठवड्याला येतात. भारतात मोटरची शक्ती २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असलेली पेडलची सायकल मोटार वाहन धरली जात नाही. लायसन नको, नंबरप्लेट नको, आरटीओची पायरी चढायला नको. सामान पोचवणाऱ्या कितीतरी पोरांचा रोजगार या सवलतीवर चालतो. पण २५ हा आकडा कायद्यापुरता नाही. हवेचा अडथळा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते. २५ चे ३५ केले तर तिथे पावणेतीन पट शक्ती लागते. कंट्रोलर, मोटर, बॅटरी तिघांच्या जिवावर बेततं, आणि ब्रेक, रिम, फोर्क सायकलचेच राहतात.

अशा छोट्या दुकानाचा जीव मात्र एका बारीकशा गोष्टीवर टांगलेला आहे: भाग एकमेकांना जुळतात की नाही. साधी हबची सायकल उघडी असते. एका ठिकाणची मोटर, दुसऱ्या ठिकाणचा कंट्रोलर, तिसऱ्याची बॅटरी, व्होल्ट आणि तारा जुळवल्या की चालते. तारांचे रंगही प्रत्येक कारखान्याचे सारखेच असतील असं नाही. पिवळी, हिरवी, निळी यांचा क्रम बदलून पाहत पाहत चाक थरथरण्याऐवजी गोडीनं फिरायला लागेपर्यंत जोड्या लावाव्या लागतात. महागड्या सायकलींचा कल उलटा चाललाय. जर्मनीत २०२३ मध्ये साध्या सायकलींपेक्षा इलेक्ट्रिक सायकली जास्त विकल्या गेल्या, आणि तिथल्या चांगल्या सायकलींमध्ये मोटर, बॅटरी आणि डिस्प्ले आपसांत सांकेतिक भाषेत बोलतात. परक्या बॅटरीला मोटर ओळख देत नाही. बिघाडाचा आकडा पडद्यावर येतो, पण तो पुसायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. कुणाच्या तरी मुलानं परदेशातून पाठवलेली अशी एक सायकल दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून आहे. तिची चेन दुकानदारानं बदलली, ब्रेक बसवले, चाकाचा आउट काढला. मोटरीपाशी येऊन काम थांबलंय, आणि तीन सेन्सरांची साक्ष काढू शकणारा माणूस हातात मल्टिमीटर असूनही तिथे काही करू शकत नाही, याचा त्याला मनापासून राग आहे.

म्हणून नवी सायकल घ्यायला आलेल्या माणसाला तो मायलेज सांगायच्या आधी तीन गोष्टी विचारायला लावतो. कंट्रोलर सुटा मिळतो का. बॅटरीचा कनेक्टर नेहमीचा आहे का. मागचं चाक पंक्चर काढायला घरच्या पान्यानं सुटतं का.

परवा एका बाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं आणि विचारलं, “बरं, आणि रंग कुठले आहेत?”

“काळा आणि करडा, ताई. लाल मागवला तर महिना लागेल.”

“मग लालच मागवा,” त्या म्हणाल्या. “आणि तो वायरीचा झोळ देऊन ठेवा.”